धाकटीचं काय करायचं

मुंबई
९ जून १९९८

प्रिय रुद्रे,

पुस्तक संपलं. हे एवढं वाक्य लिहिण्यासाठी मी सहा वर्षं थांबले होते, म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता बाकीचं सांगते.

शेवटचं प्रकरण टाइप करून झालं आणि त्याच्या चौथ्या दिवशी मी शेजारच्या मेहेरबाईंकडून मटण-डाळीचं धनसाक करून घेतलं. आमच्या पारशांकडे माणूस गेल्यावर तीन दिवस मटण बंद असतं आणि चौथ्या दिवशी धनसाक होतं. शुभ दिवशी ते कोणी चुलीवर चढवत नाही. तुझ्या आईला हे ठाऊक नव्हतं. माझ्या आठव्या वाढदिवसाला ती माझ्या आईला म्हणाली होती की पोरीचा दिवस आहे, तुमचं ते नावाजलेलं धनसाक करा की. माझी आई पांढरी पडली होती. मेहेरबाईंनी मला विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, पुस्तकातलं एक माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःची वाटी भरून घेतली.

परवा एका समारंभात एका पत्रकार मुलीनं मला नेहमीचा प्रश्न विचारला, की बाई, तुम्ही गुजरातीत का लिहीत नाही? मी नेहमीचं उत्तर दिलं. माझी गुजराती स्वयंपाकघरापुरती, मराठी नांदेडच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातली, आणि इंग्रजी मुंबईच्या नन्सनी छडी मारून शिकवलेली. ज्या भाषेचा मार जास्त खाल्ला ती जास्त येते. मुलीनं ते लिहून घेतलं. तिला मी हे सांगितलं नाही की चार कादंबऱ्यांचं प्रत्येक प्रकरण मी आधी मराठीत पत्रातून तुला सांगितलं आणि मगच इंग्रजीत लिहिलं. जे तुला सांगताना अडखळलं ते इंग्रजीत खोटं झालं, हे मी तीस वर्षं बघते आहे. पण असं बाहेर कळलं तर लंडनचे प्रकाशक तुझं नाव मुखपृष्ठावर घालायला लावतील आणि तू आणखी शेफारशील.

या वेळी मात्र शेवटचं प्रकरण पत्रातून सांगितलेलं नाही. सरळ टाइप केलेली पानंच रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. लंडनला एक प्रत गेली आहे, दुसरी तुझी. वाचून लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझी
पेरी


लातूर
२६ जून १९९८

प्रिय पेरी,

पुडकं आलं. अजून उघडलेलं नाही, आधीच सांगते, म्हणजे तू पोस्टमनच्या पायाचा आवाज ऐकत बसणार नाहीस. जून म्हणजे आमच्याकडे सुगी. दहावीचा निकाल लागला की अख्खा मराठवाडा पोरांना पुढे घालून लातुरात उतरतो. सुदर्शनच्या क्लाससमोर सकाळपासून रांग असते. किनवटचे पालक, मुखेडचे पालक, एकजण तर देगलूरकडून बैलगाडी, मग टमटम, मग एसटी असं करत आला. सगळ्यांचा प्रश्न एकच, की सर, आमचा डॉक्टर होईल का? माझा लेक भौतिकशास्त्र शिकवतो, भविष्य सांगत नाही, पण आता त्याला दोन्ही जमायला लागलंय.

वरच्या मजल्यावरच्या चारही खोल्या भरल्या. या वर्षी दहा मुली आहेत. एकीला रात्री घरची आठवण येते, एकीला भाकरी येत नाही, आणि दहाजणींनाही पंख्याखालचीच जागा हवी असते. मी त्यांना इंग्रजी शिकवते आणि त्या मला लूना चालवायला शिकवतात. हसू नकोस. त्रेसष्टाव्या वर्षी मी औसा रोडपर्यंत जाऊन येते. वळताना हात दाखवते तेव्हा मागचे ट्रकवाले थांबतात, आदरानं की भीतीनं ते मी विचारलं नाही.

आता मुख्य बातमी. तू वारलीस.

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात तुझ्या दुसऱ्या कादंबरीतला उतारा लागलाय ना, त्याचं गाइड इथल्या एका क्लासनं काढलंय. नाव सांगत नाही, सुदर्शनचा नव्हे. त्यात लेखिकेचा परिचय आहे. जन्म नांदेड, बरोबर. वडील जिनिंग-प्रेसिंगचे मॅनेजर, बरोबर. मृत्यू १९८९. मी लूना काढली आणि तिथं गेले. क्लासचा मालक पोरगेलासा, पाया पडला, खुर्ची दिली. मी म्हटलं, अहो, ही माझी मैत्रीण, परवाच तिचं पत्र आलंय. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "बाई, धड्यात घेतलाय म्हणजे लेखक गेलेलाच असतो ना? आम्ही फक्त साल अंदाजानं टाकलं." मी विचारलं, ८९ च का? तर म्हणाला की फार जुनं टाकलं तर पोरांना कंटाळा येतो. पुढच्या आवृत्तीत तुला जिवंत करतो असं त्यानं कबूल केलंय. तोवर जिल्ह्यातली काही हजार पोरं तुझ्या मृत्यूचं साल पाठ करून राहिलीत.

धनसाक कोणाचं झालं ते विचारत नाही. वाचल्यावर कळेलच. पण तू पत्रातून सांगितलं नाहीस हे मला आवडलेलं नाही.

रुद्राणी


लातूर
१२ जुलै १९९८

पेरीन,

वाचलं.

तुझं इंग्रजी नेहमीसारखंच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. जिनिंगचं आवार, अंगणात बर्फासारखा उडणारा कापूस, मला बर्फ माहीत नाही पण तू म्हणतेस तर असेल. वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या दोन पोरी आणि मॅनेजरची एक, तिघी रुईच्या ढिगात लपतात ते सगळं खरं आहे. थोरली बहीण लग्न होऊन निलंग्याकडच्या खेड्यात जाते, धाकटी लातुरात मास्तरीण होते, पारशीण मुंबईला जाऊन पुस्तकं लिहिते. तेही खरं.

आणि मग भूकंपाच्या दिवशी धाकटी थोरलीकडे मुक्कामाला असते. भिंत धाकटीवर पडते. थोरली वाचते.

पेरीन, अक्का गेली. मी वाचले. हे तुला माहीत नाही असं नाही. माझं पत्र सगळ्यात आधी तुलाच आलं होतं. अनंत चतुर्दशीला अक्कानं मला मुक्कामाला बोलावलं होतं, आणि सुदर्शनचा क्लास नुकता सुरू झालेला, त्याच्या पहिल्या चाचणीचे पेपर तपासायचे म्हणून मी गेले नाही. लातुरात घर हललं, भांडी पडली, मी रस्त्यावर धावले. तिकडे अक्काचं घर खाली बसलं. दाजी पोराबाळांना घेऊन राखणीला शेतात झोपले होते म्हणून ते सगळे राहिले. एवढं सगळं तुला ठाऊक असताना तू उलटं केलंस.

दोघींनाही वाचव. तुझं पुस्तक आहे, तुला कोण अडवतंय? आणि तुला ते जमत नसेल तर मला एवढं सांग, की माझं धनसाक खाताना तुला गोड कसं लागलं?

रुद्राणी


मुंबई
२३ जुलै १९९८

प्रिय रुद्रे,

तू मला पूर्ण नावानं हाक मारलीस ती आयुष्यात तिसऱ्यांदा. तेव्हा मी सरळ उत्तर देते.

दोघींना वाचवता येणार नाही. मी करून पाहिलं. तसं प्रकरण लिहिलं, आणि तुमच्या त्या भूकंपात पडलेल्या बावन्न गावांतली माणसं जणू माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, की बाई, आमच्या घरातलं एक एक गेलं आणि तुझ्या घरातलं कोणीच कसं नाही? माझ्या माणसांपैकी कोणीच मरत नाही असा भूकंप मला लिहिता येत नाही. त्या घरात दोघींपैकी एक असणारच.

मग धाकटी का? लंडनची संपादिका म्हणते की हाच पुस्तकाचा प्राण आहे. ती म्हणते म्हणून नाही. तू म्हणालीस म्हणून. नोव्हेंबर ९३ चं तुझं पत्र. त्यात तू लिहिलं होतंस, "तिच्या जागी मी असते तर बरं झालं असतं. तिला तीन नातवंडं, शेत, गुरं, सगळा गोतावळा. माझ्यावाचून कोणाचं काय अडणार होतं? परमेश्वरानं अदलाबदल केली तर मी आज हो म्हणेन." पुढं आठ महिने तू मला एकही ओळ लिहिली नाहीस. मी सुदर्शनला ट्रंक कॉल करून विचारायची, आई जेवते का?

रुद्रे, माझ्या हातात दुसरं काय आहे? मला तुझ्यासाठी स्वयंपाक करता येत नाही, माझी भाकरी तू पाहिली आहेस. मला लिहिता येतं. तेव्हा परमेश्वरानं जे केलं नाही ते मी पुस्तकात केलं. अक्काला परत आणलं. तुझं मागणं पुरं केलं. आणि हे तुला पत्रातून सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून टाइप करून पाठवलं.

धनसाक गोड लागलं नाही. दोनदा वाढून घेतलं हे खरं, पण रडत खाल्लं, आणि मेहेरबाईंना सांगितलं की तिखट जास्त झालंय.

लंडनला ऑक्टोबरअखेर शेवटची प्रत द्यायची आहे. तोवर मी काहीही बदलू शकते. पण काय बदलायचं ते तूच सांग. धाकटी जगायची असेल तर थोरली त्या घरात असणार. पुस्तकात अक्का पुन्हा एकदा जाईल, आणि तुझ्या शब्दावरून जाईल. तेवढं चालेल का, विचार करून लिही.

माझ्या मृत्यूचं वाचून फार बरं वाटलं. ८९ साली मी काही लिहीत नव्हते, तेव्हा पोरानं अंदाज बरा बांधलाय.

तुझी
पेरी


मुंबई
१४ सप्टेंबर १९९८

रुद्रे, हे पोस्टकार्ड मुद्दाम. पाकीट तू न उघडता ठेवशील. सुदर्शन फोनवर म्हणाला की आई ठीक आहे, लूनावरून हिंडते. मग माझ्याशीच अबोला आहे असं समजू? रागव, पण लिही. पेरी.


लातूर
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय पेरी,

अबोला नव्हता. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते लिहवत नव्हतं.

पोस्टकार्ड मुलींनी वाचलं. सुकन्या म्हणून मुखेडची बारावीतली एक आहे, फार चौकस. ती म्हणाली, "आजी, ह्या मॅडम मेल्या ना?" मी म्हटलं, हो, पण पत्रं लिहितात. तिनं मान डोलावली. विज्ञान शाखेची पोरगी, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

भूकंपाच्या तारखेला, तीस सप्टेंबरला, अक्काच्या गावी गेले होते. दर वर्षी जाते. नवं गाव तू पाहिलेलं नाहीस. सरकारनं आखून दिलेल्या ओळी, सारखी घरं, सिमेंटचा सांगाडा, मधे रुंद रस्ते. कोणाच्या ओसरीवरून कोणाला हाक ऐकू जात नाही. पाच वर्षं झाली तरी दाजी घरात झोपत नाहीत. आत सोयाबीनची पोती ठेवलीत आणि स्वतः पुढं अंगणात बाज टाकून असतात. निम्मं गाव तसंच करतं. पावसाळ्यात बाजेवर प्लॅस्टिक ओढतात आणि पडून राहतात. छताचा भरवसा गेलाय, मग ते छत कितीही पक्कं असो.

आमच्या लिंगायतांत माणसाला मातीत बसवतात, तुला माहीत आहे. अक्काला सगळ्यांबरोबर अग्नी दिला. तेवढे खड्डे खणणार कोण, खणणारेच ढिगाऱ्याच्या आत होते. दाजी त्या जागी जाऊन विभूती लावून येतात. या वर्षी मीही त्यांच्याबरोबर उभी होते आणि मला तुझं पत्र आठवत होतं. वाटलं, यांना विचारावं. विचारलं नाही. बायको गेलेल्या माणसाला, ती पुस्तकात राहू दे की जाऊ दे, हे विचारायचं कोणत्या तोंडानं?

तर आता ऐक. ९३ साली मी लिहिलं ते खरं होतं. अगदी तसंच वाटत होतं. ते पत्र तू जपून ठेवलंस, त्यात तुझी चूक नाही. पण ते आता खरं नाही, आणि कधीपासून नाही तेही मला माहीत आहे.

९५ सालची नागपंचमी. वरच्या मुलींनी मागच्या कडुलिंबाला झोका बांधला. त्यांनी मला ओढत नेलं, मी नको नको म्हणत बसले, आणि दोघींनी असा झोका दिला की माझी चप्पल उडून शेजाऱ्यांच्या माळवदावर गेली. पेरी, मी हसले. पोटात दुखेस्तोवर हसले. आणि मग एकदम लाज वाटली, की अक्का नाही आणि मी झोक्यावर हसून राहिले. उतरून घरात गेले, दार लावून बसले. थोड्या वेळानं सुदर्शनची बायको चप्पल घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाई, पोरी वाट बघून राहिल्यात." मी पुन्हा गेले. पुन्हा बसले. दुसऱ्यांदा लाज वाटली नाही. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. दु:ख लिहायला सोपं होतं, गं. हे लिहायला जड गेलं, कारण बहीण गेल्यावर माणूस बरा झाला हे सांगायचं कसं?

मला जगायला आवडतं. सकाळी पोरी घासतात त्या भांड्यांचा आवाज आवडतो. त्या पाठ करताना उच्चार चुकतात ते ओरडून दुरुस्त करायला आवडतं. गरम भाकरीवर शेंगाची चटणी आणि तेल आवडतं. लूना आवडते. माझ्यावाचून कोणाचं काय अडतं असं मी तेव्हा विचारलं होतं. आज कोणाचं अडलं नाही तरी चालेल, मला राहायचं आहे. तू कितीही प्रेमानं केलं असलंस तरी मला ते घर नको.

तेव्हा अक्का जाऊ दे. ती गेलीच आहे. तिला तुझ्या पुस्तकात परत आणलंस तर ती कोणीतरी दुसरीच बाई होईल, माझी अक्का होणार नाही. फक्त तिला नीट जाऊ दे. ती भित्री होती असं लिहू नकोस. ती एसटीच्या ड्रायव्हरला दम देऊन माझ्यासाठी डबा पाठवायची, आणि डबा रिकामा परत आला नाही तर पुढच्या खेपेला त्याला उभा करून विचारायची, "माझ्या बहिनीनं खाल्लं की तूच खाल्लास?" ते लिही. ती हौशी होती, भांडखोर होती, तिला माझ्या शिक्षणाचा अभिमान होता आणि माझ्या स्वयंपाकाची कीव होती. तशी असताना गेली असं लिही.

धाकटीला जगव. माझा शब्द आहे.

रुद्राणी


मुंबई
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय रुद्रे,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग मेहेरबाईंना मराठीतून गुजरातीत सांगितलं. त्या म्हणाल्या की ही तुझी मैत्रीण मला आवडली, तिला सांग मी पण पंच्याऐंशीची आहे आणि मलाही कुठे जायचं नाही.

लंडनला फोन केला. संपादिका नाराज झाली. तिचं म्हणणं, धाकटी जगली तर शेवट हलका होतो. मी म्हटलं, बाई, जगणं हलकं असतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? शेवटी म्हणाली, लिहून पाठवा, बघू.

तर आता आपल्या रिवाजाप्रमाणे आधी तुला सांगते.

चतुर्दशीचा दिवस. थोरलीनं सकाळीच एसटीबरोबर डबा धाडला आहे आणि निरोप, की संध्याकाळच्या गाडीनं ये. धाकटीपुढे पेपरांचा गठ्ठा आहे. ती डबा खाते, हात धुते, आणि ड्रायव्हरजवळ उलटा निरोप देते की रविवारी येते, भांडू नकोस. थोरली तो निरोप ऐकून ड्रायव्हरशीच भांडते. मग गणपती विसर्जनाला जातात, ती नातवाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालते, घरी येऊन भाकरी टाकते आणि झोपते. त्यापुढचं मी लिहिलेलंच नाही. भिंत पडताना दाखवली नाही. पुढच्या पानावर धाकटी रस्त्यावर उभी आहे आणि तिच्या हातात लाल पेन आहे.

तुझ्या अग्नीबद्दल दोन दिवस बसले. आम्ही मेलेलं माणूस अग्नीला देत नाही, तुम्ही मातीत बसवता, आणि त्या दिवशी कोणाच्याच रीतीचं काही चाललं नाही. एवढं एक वाक्य ठेवलं.

मग दोन वर्षं जातात. मग झोका. चप्पल शेजाऱ्यांच्या माळवदावर जाते, धाकटी दार लावून बसते, सून चप्पल घेऊन येते, धाकटी परत जाते. पुस्तक तिथं संपतं. ती दुसऱ्यांदा झोक्यावर बसते, पोरी तिला झोका देतात, आणि तिला लाज वाटत नाही.

चालेल? मी सांगताना कुठे अडखळले नाही. तुला कुठे खटकलं तर आठवडाभरात तार कर, नाहीतर टाइप करायला घेते. या वेळी धनसाक करणार नाही. मेहेरबाईंनी रवा करायचं कबूल केलं आहे, सणाला करतात तो, वर बदाम घालून.

तुझी
पेरी


लातूर
१६ फेब्रुवारी २०००

प्रिय पेरी,

पुस्तक डिसेंबरातच मिळालं, पोच सुदर्शननं फोनवर दिली होती. मी लिहिलं नाही कारण एक काम उरकायचं होतं. ते परवा रविवारी उरकलं.

आधी किरकोळ. गाइडची नवी आवृत्ती आली. तू जिवंत आहेस. जन्म नांदेड, आणि पुढं नुसती रेघ. सुकन्याला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिनं माझ्याकडे तुझं पुस्तक मागितलं. मी दिलं नाही, म्हटलं, विकत घे, लेखिकेचं पोट चालायचंय.

आता काम. दाजींना कुठून तरी कळलं होतं की मुंबईच्या बाईनं आपल्या गावावर पुस्तक केलंय. ते संक्रांतीला आले तेव्हा म्हणाले, "रुद्राक्का, ते पुस्तक घिऊन ये एकडाव. मला वाचून दाव." मी महिनाभर टाळलं. एकदा म्हटलं इंग्रजीत आहे, तर म्हणाले, "मंग तू कशापायी शिकलीस?" शेवटी गेले.

अंगणात बाज होती, तिच्यावर ते आणि खाली पोत्यावर मी. अख्खं पुस्तक शक्य नव्हतं, म्हणून शेवटचं प्रकरण घेतलं. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. त्यांनी थोड्या वेळानं हात वर करून म्हटलं की ते पहिलं सोड, सरळ आपलं सांग. मग तसंच केलं. खरं तर पुस्तकाची गरजच नव्हती, तुझं पत्र मला पाठ आहे. पण पानं उलटत राहिले.

डब्याचं आणि ड्रायव्हरचं ऐकून ते हसले. म्हणाले, "अस्संच हाय. त्यो नागनाथ ड्रायव्हर अजून भेटला की इचारतो, वैनी कशा व्हत्या." विसर्जनाचं ऐकताना मान खाली घातली. नातू कडेवर होता तो आता तिसरीत आहे, तो गोठ्याशी उभा राहून ऐकत होता आणि ऐकत नाही असं दाखवत होता. मग धाकटी रस्त्यावर उभी आहे तिथपर्यंत आले आणि थांबले. पेरी, तुला अक्का जाऊ दे असं लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की अवघड काम झालं. खरं अवघड काम हे होतं. ती माझ्या शब्दावरून गेली हे त्या माणसाला माहीत नव्हतं, आणि मी त्याच्याच अंगणात बसून त्याला ते वाचून दाखवत होते. तो आता विचारणार की तू का जगलीस, असं मला वाटत होतं.

मग दाजी म्हणाले, "थोरली गेली. अन् धाकटी?"

मी म्हटलं, "धाकटी जगते, दाजी."

"फुडं?"

मी पुढचं सांगितलं. झोका, चप्पल, दार लावून बसणं, सगळं. संपलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे बघितलं नाही. बाज करकरली. ते उठून जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत, नुसते कुशीवर वळले, आणि मिटलेल्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "ते परत वाच. थोरलीचं न्हाई. ते धाकटी हसती तितलं."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं.

तुझी
रुद्राणी